आभाळातली चौकशी

श्रीधररावांनी डोक्यावरची काळी टोपी काढून मांडीखाली दाबली आणि पट्ट्याची कडी चाचपू लागले. शेजारी बसलेल्या तरुणाने हात पुढे करून ती अडकवली, ओढून पाहिली, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली. तेवढ्यात श्रीधररावांनी त्याचं बोट न् बोट न्याहाळून घेतलं. त्यासाठीच तर ते आले होते.

जक्कूरच्या विमानतळावर त्यांनी आपलं नाव सुब्बाराव सांगितलं होतं. विमान शिकायची हौस आहे, आधी एकदा वर जाऊन बघतो, असंही. पन्नाशी उलटलेल्या, चिक्कपेटेच्या बाजारात कापड विकणाऱ्या माणसाची ही हौस ऐकून कचेरीतला कारकून गालातल्या गालात हसला होता. हसू दे बापडा. घरी तर त्यांनी तेवढंही सांगितलं नव्हतं.

थोरल्या भाग्यलक्ष्मीच्या लग्नाआधी त्यांनी चौकशीत कसर ठेवली नव्हती. मुलाचं घर पाहिलं, शेत पाहिलं, विहिरीचं पाणी पिऊन पाहिलं, गावच्या न्हाव्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना विचारलं. मुलगा फटफटी कशी चालवतो, हे मात्र विचारायचं सुचलं नाही. वर्षाच्या आत घाटातल्या एका वळणावर तो गेला, आणि भाग्यलक्ष्मी मोकळ्या कपाळाने माहेरी परतली. आता धाकट्या नयनाला सांगून आला होता हा शेजारी बसलेला कृष्णात. निपाणीकडचा, घरचा चांगला, आणि धंदा काय, तर लोकांना विमान शिकवणं! बघण्याचा कार्यक्रम बेळगावला, तिच्या मामाच्या घरी झाला. श्रीधररावांना दुकान सोडून जाता आलं नव्हतं, त्यामुळे मुलाने त्यांना पाहिलेलं नव्हतं. नयना तोंडाने अवाक्षर काढत नव्हती, पण टपालवाल्याची वेळ झाली की तिला नेमकं दारातच काम निघायचं. श्रीधररावांना नकार द्यायचा होता. मुलीच्या तोंडावर सांगता येईल अशी एखादी खोट तेवढी हवी होती.

ती अजून सापडली नव्हती. उडण्याआधी कृष्णातने विमानाला फेरी मारून एकेक सांधा हाताने हलवून पाहिला होता, टाकीत स्वतः डोकावला होता. काहीतरी विसरेल म्हणून श्रीधरराव टपून होते. तो विसरला नाही.

दोघांचं बोलणं कन्नडमधून चाललं होतं. पण चाकं जमिनीवरून सुटली आणि श्रीधररावांच्या तोंडून निघून गेलं, "आई गं, मेलो."

कृष्णात हसला.

"मराठी काय तुम्ही? मग आधी सांगायचं न्हाई व्हय, अण्णा?"

अर्धं सोंग तिथंच गळून पडलं. श्रीधररावांनी डोळे उघडले, तेव्हा हेब्बाळचं तळं खाली परातीएवढं झालं होतं.

"आता धरा हा दांडा. दोन बोटांत. आवळू नका."

त्यांनी आवळलाच. विमान डावीकडे कललं. कृष्णातने दांडा हिसकावून घेतला नाही. नुसता तळवा टेकवून त्याने विमान सावकाश सरळ केलं आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.

"लग्न झालंय का तुमचं?" वडीलधाऱ्याने विचारायचा तो प्रश्न श्रीधररावांनी विचारला.

कृष्णातने इंजिनाचा आवाज जरा उतरवला.

"ठरत आलंय. पण मी नको म्हणून कळवणार हाय."

श्रीधररावांचा हात दांड्यावर तसाच राहिला.

"मुलगी पसंत नाही?"

"लई पसंत हाय. म्हणूनच." तो समोर बघत बोलत होता. ओळख ना पाळख अशा माणसापाशी मन मोकळं करणं त्याला सोपं जात असावं. "दिवाळीआधी माझा एक जोडीदार गेला, असाच विमानात. त्याच्या बायकोला सांगायला मी गेलतो. ती शेंगा सोलत बसलेली. मी सांगितलं, तरी ती सोलतच राहिली. टोपलं रिकामं होईस्तवर उठली न्हाई. माझ्यापायी त्या पोरीवर ती पाळी नको."

"आणि कारण काय कळवणार?"

"पत्रिका जुळत न्हाई म्हणायचं. तिच्यावर ठपका नको."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी गत झाली. वाईटपणा न घेता सगळं परस्पर मिटत होतं. श्रीधररावांना हायसं वाटायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे आली ती दारात उभी राहून पत्र वाचणारी नयना, आणि त्यांना या पोराचा सडकून राग आला. हा कोण तिच्यावतीने ठरवणारा? तिला एका शब्दाने विचारलं का याने? मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तरी कुठं विचारलं होतं. आपणही तिच्या पाठीमागे हेच करायला इथवर आलो. त्यांना स्वतःची लाज वाटली.

उतरताना धावपट्टीवर एक गाय आडवी आली. कृष्णातने विमान पुन्हा वर घेतलं आणि गुराखी तिला पार कडेला नेईपर्यंत घिरट्या घातल्या. चाकं टेकली, इंजिन थांबलं, तरी श्रीधररावांच्या कानात घुंई चालूच होती.

"कसं वाटलं, सुब्बाराव अण्णा? शिकणार का?"

"माझं नाव सुब्बाराव नाही. मी श्रीधरराव. नयनाचा बाप."

पट्टा सोडायला पुढे झालेला कृष्णातचा हात मधेच थांबला.

"पत्रिका मी स्वतः दाखवून आणलीय. जुळते," श्रीधरराव म्हणाले. "तेव्हा ती सबब चालायची नाही. मघाशी शेंगांचं सांगितलंत ना मला? ते रविवारी घरी येऊन तिला सांगा. काय ते तिनं ठरवायचं. तुम्ही नाही, आणि मीही नाही."

"आणि हे ऐकूनसुद्धा ती हो म्हणाली, तर?"

श्रीधररावांनी एक पाय बाहेर काढला. जमीन वाटली त्याहून खोल होती.

"तर तुम्ही सुखरूप उतरलात हे कळल्याशिवाय ती जेवायची नाही," ते म्हणाले. "मीही नाही जेवणार."

आणि उतरण्यासाठी त्यांनी त्याच्याच खांद्यावर हात ठेवला.