वाकडी करंगळी

सोजरबाईंनी मेनूकार्ड तोंडासमोर उभं धरलं, तेही उलटं. कल्याणीनगरच्या त्या मेक्सिकन हॉटेलात त्यांना वाचायचं काहीच नव्हतं. फक्त लपायचं होतं.

मुलाला, मच्छिंद्रला, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्याने आईकडून वचन घेतलं होतं, लोकांच्या भाकऱ्या थापणं आता बंद. बाईंनी वचन दिलं आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या रोज सकाळी भजनाला जाऊ लागल्या. दीड वर्षात त्यांनी त्या भजनी मंडळाला पेटीवाल्या काकू दिल्या, दोन भांडणं लावली, एक तबलजी पळवून लावला. फक्त मंडळच मुळात नव्हतं. भजन चालायचं ते याच हॉटेलच्या भटारखान्यात, मक्याच्या पिठाच्या परातीपुढे. आणि पोराने पगारवाढीची मेजवानी द्यायला अख्खं पुणे सोडून नेमकं हेच गाठलं.

वेटर संभाजी आला आणि थबकला.

"मावशी, आज पुढच्या दारानं..."

बाईंनी कार्डावरून डोळे वटारले.

"...वारं येतंय, म्हटलं. आत बसता का?"

मच्छिंद्रचं लक्ष किमतीत होतं. "मक्याच्या तीन भाकऱ्या, वर राजमा, साडेचारशे?"

"आज सकाळीच हाताने थापलेल्या आहेत, सर."

"का? बाकीचे पायाने थापतात?"

सोजरबाईंना राहवेना. "मेहनत असते रे. मक्याचं पीठ हातात तुटतं. उकळतं पाणी लागतं, मनगट लागतं..." त्यांनी जीभ चावली. "भजनातल्या एक बाई सांगत होत्या."

ताटली आली. मच्छिंद्रने राजमा बाजूला सारला, भाकरी उचलली आणि तसाच थांबला. काठावर एक खळगी होती, चंद्रकोरीसारखी. बाईंची करंगळी जन्माची वाकडी. थापताना काठावर तिचा ठसा उमटायचाच. लहानपणी मच्छिंद्र 'चांदोबा, चांदोबा' करत आधी तेवढाच तुकडा खायचा.

बाईंनी हात पदराखाली घेतला.

त्याने तेवढाच तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला. मग दुसऱ्या भाकरीचा मोडला. मग तिसऱ्या.

"महागच आहे, नाही का?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही," तो ताटलीकडे बघत म्हणाला. "स्वस्त देतात."

बिल देऊन दोघं बाहेर आली. मच्छिंद्रने मोटारसायकलला किक मारली.

"उद्या भजन किती वाजता?"

"सहाला."

"मी सोडतो. इथवर रिक्षावाले फार घेतात."