यीस्ट पडेपर्यंत

फुलांची कात्री विसरली म्हणून थेल्मा चर्चच्या फाटकातून परत फिरली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. तिच्या नवऱ्यानं, रेगनं, ओल्या जवाची पिशवी पातेल्यातून अर्धी वर ओढली होती. हात लटपटत होते. तिच्यादेखत पिशवी सुटली, धपकन आत पडली आणि कढत पाणी शेगडीवर, त्याच्या चपलांवर उडालं.

"भाजलं का रे?"

"नाही. तू कशाला आलीस?" रेग खुर्चीवर टेकला. हातांचा कंप दिसू नये म्हणून त्यानं ते मांडीखाली दाबून धरले. "बरोबर आहे शेरिलचं. झेपत नाही आता. हे परसात ओततो, जव कोंबड्यांना घाल. संपलं."

लेक शेरिल म्हणाली होती, तयार पाकाचा डबा आणा, पाणी ओतलं की झाली बिअर. त्यावर रेग कितीतरी दिवस धुमसत होता. सारा जन्म बर्नी गावच्या कागद गिरणीत गेला. शनिवारची ही बिअर तेवढी त्याची स्वतःची. जव स्वतः भरडायचा, जुन्या पडद्याच्या पिशवीत भरायचा, घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं रजईत गुंडाळून मुरवत ठेवायचा.

थेल्मानं यातल्या कशालाच कधी हात लावला नव्हता. लहानपणी प्रार्थनामंदिरात आईशेजारी उभं राहून तिनं देवाला शब्द दिला होता: दारू तोंडाला लावणार नाही, हातानं शिवणार नाही. म्हणून शनिवारी ती चर्चमध्ये फुलं रचायला जाई आणि ती यायच्या आत रेग घराच्या खिडक्या सताड उघडून ठेवी. दोघांनी याच्यावरून कधी शब्दाला शब्द वाढवला नाही.

ती पातेल्यावर वाकली. वास तर सकाळच्या लापशीसारखा.

"रेग, ही दारू आहे?"

"आत्ता? छे! गोड पाणी आहे जवाचं. तान्ह्या पोराला पाजलंस तरी चालेल."

"मग दारू होते कधी?"

"यीस्ट पडल्यावर. त्याआधी काही नाही."

"खरं सांग हं. मला देवाला तोंड दाखवायचंय."

"मलाही दाखवायचंय की! माझी रांग वेगळी असेल, एवढंच."

थेल्मानं हसू दाबलं. टोपी काढून खुंटीला अडकवली, रबरी हातमोजे चढवले.

"सरक बाजूला."

"अगं, तुझा शब्द..."

"माझा शब्द माझ्यापाशी आहे. यीस्ट पडेपर्यंत मी आहे. पुढचं तुझं तू बघ."

तिनं पिशवी उचलली, पातेल्यावर मोठी चाळणी ठेवून तिच्यात टेकवली आणि हात जोडल्यासारखी स्वस्थ उभी राहिली.

"पीळ की!" रेग ओरडला.

"पिळायचं नसतं. फळांची पिशवी पिळली की जेली गढूळ होते."

"म्हातारे, ही तुझ्या चर्चच्या जत्रेतली जेली नाही! पीळ जोर लावून!"

मग तिनं अशी पिळली, की रेग खो खो हसायला लागला. "बापरे! बरं झालं, मी कधी भांडलो नाही तुझ्याशी!"

ते गोड पाणी पुन्हा शेगडीवर उकळलं. हॉप्सच्या कडू कळ्या पडल्या आणि घरभर ओल्या रानाचा वास सुटला. ते निववायला तिनं मोरीत पातेलं ठेवून पुन्हा पुन्हा गार पाणी बदललं. शेवटी दोघांनी दोन कान धरून ते प्लास्टिकच्या पिंपात ओतलं. रेगनं खिशातून यीस्टची पुडी काढली.

थेल्मानं साबणानं हात धुतले आणि मागच्या पायरीवर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसली.

आत पुडी कुरकुरली. थांबली. पुन्हा कुरकुरली. काहीतरी खाली पडलं.

"रेग?"

"बस तिथंच."

तिनं ती पुडी चुटकीसरशी फाडली असती. तिनं बोटांत बोटं गुंतवली, घट्ट. मागे वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं कागद फाटल्याचा आवाज आला, मग फरशीवर वाळू सांडावी तसा, आणि त्यानंतर पिंपाचं झाकण दाबल्याचा.

"झालं गं!" त्यानं हाक मारली.

"आले," ती म्हणाली. पण सांडलेलं त्याला पुसता यावं म्हणून आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिली.