रेषा दिसल्या तेव्हा

अश्वजित सुईला घाबरतो, हे जानेफळच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या सकाळी तो ओट्यावर बसून बोट पुढे करतोय हे कळल्यावर शेजारची चार माणसं मुद्दाम मजा पाहायला आली.

“तिसऱ्या मजल्यावर फळीवरून चालते, अन् टाचणीले भेते काय बे?”

“तुह्या बापाचं काय जाते?” अश्वजित म्हणाला आणि मान फिरवून त्यानं डोळे घट्ट मिटले.

“बाबा, मले तर सलाइन लावते, तरी मी रडत नाई,” पायल म्हणाली. हशा पिकला. समीक्षाही हसली आणि तेवढ्यात तिनं बोट टोचून घेतलं.

समीक्षा देऊळगाव राजाची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेलं मूल ज्या घरांत आहे, तिथं आजारावर किती पैसा जातो, त्यासाठी घरातलं कोण काय सोडून देतं आणि माणसं एकमेकांशी कशी वागू लागतात, असा तिचा प्रकल्प होता. सोबत आईबापाच्या रक्ताची तपासणी. नऊ वर्षांच्या पायलला हा आजार होता. थंडी वाढली, ताप आला की तिची हाडं अशी दुखायची की कुणी अंगाला हात लावू द्यायची नाही. अश्वजित स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामावर जायचा आणि पायलची आई धम्मशीला दुसऱ्यांच्या शेतात. मिळतं त्यातलं बरंचसं दवाखान्याच्या वाटेनं जायचं.

पायल पोटात असताना धम्मशीलाची तपासणी झाली होती आणि तिच्यात हा दोष निघाला होता. अश्वजितची कधी झालीच नाही. “मले काय धाड भरली?” असं म्हणून तो कामावर निघून जायचा. तेव्हापासून घरात एकच बोलणं होतं. पायल कण्हायला लागली की सासू जनकाबाई म्हणायची, “बीबीचं रगत हाये ते. आमच्यात कोणाले नोतं असलं काई.” बीबी हे धम्मशीलाचं माहेर.

हे धम्मशीलानं आदल्या दिवशी भाकरी थापता थापता सांगितलं, तेव्हा समीक्षाला राहवलं नव्हतं. तिनं घरच्यांना नि शेजाऱ्यांना समोर बसवलं आणि तुरीचे नि हरभऱ्याचे दाणे मांडून समजावलं. तूर म्हणजे चांगला दाणा, हरभरा म्हणजे खराब. प्रत्येक माणसात दोन दाणे. एक खराब असला तरी माणूस ठणठणीत राहतो. मुलाला एक दाणा आईकडून येतो, एक बापाकडून. दोन्ही खराब आले तरच आजार. “दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही,” ती म्हणाली. सगळ्यांना नीट कळावं म्हणून तिनं ते पुन्हा सांगितलं. जनकाबाई उठून आत गेली. धम्मशीलाच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी सैल झालं होतं, आणि रात्रीतून तिनंच नवऱ्याला राजी केलं होतं.

समीक्षानं रक्ताचा थेंब औषधाच्या नळीत सोडला, नळी हलवली आणि लाकडी घोडीत उभी केली. शेजारीच धम्मशीलाची नळी होती, ताकासारखी गढूळ. मागे काळ्या रेषांचं कार्ड धरायचं. रेषा झाकल्या गेल्या तर दाणा खराब, रेषा दिसल्या तर चांगला. हेही तिनं सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. कार्ड धरायचा मान पायलचा होता.

“दिसते!” पायल ओरडली. “बाबाच्या नळीतून सगळ्या रेषा दिसते! बाबाले नाई!”

“अश्वजित पास झाला बे!” कुणीतरी टाळी वाजवली.

मग टाळी थांबली. जनकाबाई सुपात तूर पाखडत होती. तिचे हात सुपावरच राहिले.

समीक्षानं नळी उजेडात धरली. एकूण एक रेष स्वच्छ, अगदी छापल्यासारखी. दोघांकडून आल्याशिवाय होतच नाही, हे तिचंच वाक्य त्या ओट्यावर सगळ्यांच्या डोक्यात फिरत होतं. तिनं मान वर केली आणि तिची नजर आपसूक धम्मशीलाकडे गेली. क्षणभरच. पण धम्मशीलानं ती पाहिली.

“एखाद्या वेळी चुकतं,” समीक्षा घाईनं म्हणाली. “मी पुन्हा करते.”

पुन्हा टोचलं, पुन्हा थेंब, पुन्हा वाट पाहणं. या खेपेला कुणी थट्टा केली नाही. अश्वजितनं डोळेही मिटले नाहीत. तो नळीकडे बघत राहिला. रेषा पुन्हा दिसल्या.

आपण खात्री करायला गेलो आणि खिळा आणखी खोल ठोकून बसलो, हे समीक्षाच्या लक्षात आलं तेव्हा शेजारी एकेक करून निघून गेले होते. दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर होणार होती.

“आता बोल,” जनकाबाई सुनेला म्हणाली. आवाज मुळीच मोठा नव्हता. “मॅडमनंच सांगलं काल. एक दाना बापाचा लागते.”

“मले काई मालूम नाई, आत्याबाई,” धम्मशीला म्हणाली. “पायलची शपथ...”

“तिची शपथ घेऊ नको!” अश्वजित ओरडला. पायल दचकून आईच्या पदराआड झाली. तो उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. समीक्षा अभावितपणे दोघांच्या मध्ये सरकली. हा माणूस आता काय करेल याचा तिला काहीच अंदाज येईना. कोपऱ्यात फावडं होतं, कुऱ्हाड होती. ती त्या वस्तूंकडे बघू लागली आणि आपण तिकडे बघतोय म्हणून आणखी घाबरली.

पण त्यानं हात उगारला नाही. “धम्मदीपले फोन लाव,” तो बायकोला म्हणाला. “न्यायले ये म्हना. आजच्या आज.”

“काऊन? म्या काय केलं?”

“लाव म्हनलं ना!”

तिनं भावाला फोन लावला. बोलताना तिचा आवाज अगदी सपाट होता. “हाव. आजच. गाडी घेऊन ये. काई नाई झालं.”

समीक्षानं अंगणात जाऊन मॅडमना, म्हणजे आपल्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. उचलला गेला नाही. निघून जावं, असं तिला वाटलं. बॅग खांद्याला लावायची, काळीपिवळी जीप पकडायची. पण आपण गेल्यावर या दाराआड काय होईल हा विचार तिचे पाय पुढे जाऊ देईना.

आत अश्वजित माळ्यावरची पेटी काढायला स्टुलावर चढला होता. बायकोचे कपडे तो स्वतःच भरणार होता. पेटी ओढली, अर्धी खाली आली आणि तो तसाच थांबला. मग हळूहळू खाली बसला. पेटी धाडकन आदळली. तो दाराची चौकट धरून धापा टाकत होता, भात्यासारखा.

“काय झालं रे?” जनकाबाई धावली.

“काई नाई. होते असं. चढलो का दम लागते.”

“कधीपासून?” समीक्षानं विचारलं. चौकटीवर त्याचा हात होता. तिची नजर त्याच्या नखांवर पडली. सिमेंटनं भेगाळलेली बोटं काळी, आणि त्यांवरची नखं कागदासारखी पांढरी.

तिला सकाळचा थेंब आठवला. फिकट होता. पातळ, पाणी घातल्यासारखा. तिनं तो पाहिला होता आणि त्याचा विचार केला नव्हता.

औषधाच्या डबीतल्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं, अंगात रक्त फार कमी असेल तर थेंब दुप्पट घ्यावा, नाहीतर दोष असूनही नळी स्वच्छ दिसते. बायकांच्या बाबतीत ती ते न चुकता पाळायची. आधी हिमोग्लोबिन, मग नळी. पुरुषांचं हिमोग्लोबिन ती मोजतच नव्हती. मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या महाग होत्या, आणि रक्त कमी असतं ते बायकांना नि पोरांना, असं धरून तक्ता तिनंच आखला होता.

“दादा, बोट द्या. शेवटचं.”

“आता कायले? झालं ना तुमचं समाधान?”

“द्या म्हणते ना!” ती इतक्या जोरात ओरडली की त्यानं बोट दिलं. यंत्राचा आकडा आला, चार पॉइंट आठ. धडधाकट पुरुषाला तेरा तरी हवं. हा माणूस कालपर्यंत पाट्या उचलत होता.

“कंबर दुखते म्हणून गोळ्या खाता का?”

“मेडिकलातून आनतो. रोजच लागते. खाडा कसा करू? पायलचं कसं भागन?”

“आणि शौचाला काळं होतं?”

त्यानं मान खाली घातली. एवढं उत्तर पुरेसं होतं. गोळ्यांनी पोटात जखम करून ठेवली होती आणि आतल्या आत रक्त जात होतं.

समीक्षानं तिसरी नळी घेतली आणि दुप्पट रक्त टाकलं. नळी गढूळ होत गेली. कार्डावरच्या रेषा आधी अंधुक झाल्या, मग दिसेनाशा.

“पाहा,” ती म्हणाली. “आहे. दादांमध्ये पण आहे. वहिनी, आहे!”

जनकाबाई पुढे आली आणि नळी निरखून म्हणाली, “सकाळी साफ. आता गढूळ. दुप्पट रगत घातलं तं कोनाचंबी गढूळ होईन. हिले वाचवून राह्यली का तू?”

“आजी, शपथेवर सांगते...”

“माहं घे.” जनकाबाईनं बोट पुढे केलं. “माह्या रक्तात काई नाई. घे, अन् दाखव सगळ्याइले.”

“नको, आजी.” समीक्षा मागे सरकली. अश्वजितला हा दाणा आईकडून आला असेल किंवा वारलेल्या बापाकडून. म्हातारीची नळी स्वच्छ निघाली, तर त्यातून काहीही सिद्ध होणार नव्हतं. पण हे या घरात आता कोण ऐकून घेणार होतं? “तुमच्यात नसलं तरी त्याचा अर्थ...”

“भेली काय?”

“घ्या, ताई,” धम्मशीला म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा ती आपणहून बोलली होती. “घ्या त्याइचं. होऊन जाऊ द्या.”

आधी हिमोग्लोबिन मोजलं. म्हातारीचं चांगलं होतं. मग साधा एकच थेंब. समीक्षानं नळी घोडीत ठेवली. ओट्यावर पाचजणं होती आणि सगळी त्या एका नळीकडे पाहत होती. पायलला कार्ड धरायला कुणी सांगितलं नाही. बाहेर कुठल्याशा ट्रॅक्टरवर गाणं वाजत गेलं. समीक्षाला वाटलं, नळीवरून नजर काढली तर ती स्वच्छ होऊन बसेल. मग तिला वाटलं, ती आत्ताच स्वच्छ आहे, आपणच तिला गढूळ पाहतो आहोत.

कार्ड शेवटी जनकाबाईनंच उचललं. नळीमागे धरलं. जवळ नेलं, लांब नेलं, डोळे बारीक केले. मग कार्ड उलटं करून पाहिलं.

“रेषा कुठी गेल्या?” ती म्हणाली.

ती खाली बसली आणि कितीतरी वेळ बोटावरचा रक्ताचा ठिपका पुसत राहिली.

मेहकरच्या दवाखान्यात जाताना काळीपिवळीत अश्वजितचं डोकं धम्मशीलाच्या मांडीवर होतं. तो अर्धवट झोपेत होता. समीक्षा दर थोड्या वेळानं त्याची नाडी बघायची. ती इतकी भरभर चालत होती की मोजणं सुटायचं. तो वाटेतच गेला तर? समीक्षाला बोलल्यावाचून राहवेना.

“वहिनी, माझी चूक झाली. मोठी चूक.”

“हाव,” धम्मशीला म्हणाली. नवऱ्याचं डोकं मांडीवर नीट घेत ती पुढे म्हणाली, “रेषा दिसल्या तवा तुमीबी माह्याकडंच पाह्यलं, ताई.”

समीक्षानं मान फिरवली. पायल त्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

दवाखान्यात त्याला लगेच दाखल करून घेतलं. रक्ताची पहिली पिशवी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस घरी काढले असते तर कठीण होतं. व्हरांड्यात समीक्षाला मॅडमचा फोन आला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “आतापर्यंत किती पुरुष तपासलेस?” पाठ असलेला आकडा तिनं सांगितला. त्यांतली कितीतरी घरं स्वच्छ नळी पाहून हसली होती. आणि कुठल्या घरात तिची पाठ वळल्यावर कुणी तुरीचे दाणे मोजायला बसलं असेल, हे तिला कुठे माहीत होतं?

“उद्यापासून तपासणी बंद,” मॅडम म्हणाल्या. “परवा सगळ्या घरांत परत जायचं. मी सोबत येते.”

ती वॉर्डात परतली तेव्हा थेट दवाखान्यात आलेला धम्मदीप खाली गाडी लावून जिन्याशी उभा होता. मागाहून आलेली जनकाबाई दाराबाहेर बाकड्यावर बसली होती. आत जायला तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, तरी ती जात नव्हती.

अश्वजितनं डोळे उघडले. “शीला,” तो म्हणाला, “धम्मदीपले वापस पाठव.”

“नाई पाठवत.”

“माहं चुकलं ना.”

धम्मशीला पायलचे केस मागे सारत होती. “तुमाले सुटी होईस्तोर मी इथंच हावो. दवाई, जेवन, सगळं पाहीन. मंग मी पोरीले घेऊन बीबीले जातो.”

“अन् वापस नाई आली तं?” त्यानं विचारलं. सकाळी त्या ओट्यावर जी भीती तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती, ती आता त्याच्या तोंडावर उतरली होती.

तिनं पिशवीतून थेंब नीट पडतोय ना ते पाहिलं.

“न्यायले या,” ती म्हणाली. “पन एकटे येऊ नका. मायले संग आना. गल्लीतले जे पाहाले आले होते, त्याइलेबी आना. त्याइच्यासमोर विचारा मले, येतो का म्हनून. मंग सांगतो.”

बाहेर बाकड्यावर जनकाबाईनं ते ऐकलं असावं. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.