एकवीस जुलैची नीलव्वा

हुबळीच्या दैनिकात तीस वर्षं ‘दिनविशेष’ लिहिणाऱ्या शिवलिंगप्पांना बायकोचा वाढदिवस मात्र ठाऊक नव्हता. शाळेत मास्तरांनी सगळ्या पोरांसारखी तिचीही जन्मतारीख एक जून ठोकून दिली होती.

एकदा भाकरी थापता थापता नीलव्वा फणकारली, "माझ्या जन्माला सुईणसुद्धा आली नाही म्हणे! अख्खा गाव गौडांच्या रेडिओला चिकटलेला, चंद्रावर माणूस उतरला म्हणून."

शिवलिंगप्पांचा घास हातातच राहिला. ती तारीख त्यांना तोंडपाठ होती.

एकवीस जुलैला सकाळीच संपादकांचा फोन आला. "अहो, चंद्रावरच्या माणसाच्याही वर छापलेली ही नीलव्वा कोण?"

"त्या दिवशी तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं, साहेब."