व्याह्यांना आवडलेलं फूल

उलकानने वाकून खड्ड्यात हात घातला. आधी तिला वाटलं होतं, साळिंदराने उकरलं असेल. पण कडा सरळ कापलेल्या होत्या, आणि साळिंदराकडे फावडं कुठून येणार? पुढच्या कपारीत तेच, त्याच्या पुढच्या कपारीतही तेच. तिने रचलेल्या काटेरी फांद्या कुणीतरी नीट उचलून बाजूला ठेवल्या होत्या. काराताशच्या त्या दगडी उतारावर एकही जोगाझिन उरलं नव्हतं.

बुटकं, पिवळं, पाकळ्यांना बाहेरून विटकरी झाक असलेलं हे फूल या एवढ्याशा डोंगराच्या दगडांतच यायचं. खाली नदीकाठच्या काळ्या मातीत लावलं की कंद कुजायचा. बी रुजून फूल धरायला सहा-सात हिवाळे जायचे. आधी बकऱ्यांनी खाल्लं, मग रस्त्यावर गुच्छ विकणाऱ्यांनी ओरबाडलं. उरलेल्या मूठभर झाडांवर उलकान डोळ्यांत तेल घालून पहारा करायची, आणि कुणी तिकडे फिरकलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. गावात तिला ‘फुलांची म्हैस’ म्हणत. म्हणू देत, मेले.

ती खाली आली तेव्हा तिचा नवरा जोरोबेक अंगणात खोगिराचा पट्टा शिवत बसला होता.

"कुणी खणलं वरती?"

त्याने मान वर केली नाही. "काल व्याही आले होते. तू बहिणीकडे गेली होतीस."

"मग?"

"मग काय, पाय मोकळे करायला वर गेलो. त्यांना फूल आवडलं. दोनदा म्हणाले, वा, काय फूल आहे! पाहुण्याने तोंडभरून कौतुक केल्यावर मी काय हात झटकून खाली येणार?"

"एक द्यायचं होतं!"

"एक? कंजूष म्हणाले असते. मुलगी दिली आहे त्या घरात."

"मुलगी दिली म्हणून डोंगरही द्यायचा? उद्या त्यांना तुमच्या मिशा आवडल्या तर?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! त्यांनाही कळू दे इथे कोण शहाणा राहतो ते." तिचा आवाज चिरकला. "आणि बेगायिमला का नाही आणलं बरोबर?"

जोरोबेकने दाताने दोरा तोडला. "घरात काम आहे म्हणाले."

काम! लग्नाला दोन वर्षं होत आली होती. जावई नुरदीन लग्नानंतर महिन्याभरातच मॉस्कोला बांधकामावर गेला, आणि मुलगी सासरी राहिली, सासू-सासऱ्यांच्या आणि त्यांच्या गुरांच्या दिमतीला. सासरच्यांनी मानाने आणून सोडल्याशिवाय सुनेने पहिल्यांदा माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही, ही इथली रीत. आणि एर्गेश व्याह्यांना ते आणणं काही जमत नव्हतं. कधी मेंढ्या व्यायला झाल्या, कधी विहीणबाईंचे गुडघे धरले. स्वतः मात्र येऊन फुलं घेऊन गेले, गुडघे-बिडघे न धरता.

उलकानने चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं, पण पुसलं नाही.

"मी जाते," ती म्हणाली. "त्यांनी कौतुक करून नेलं ना? मी कौतुक करून परत आणते."

"माझं नाक कापशील."

"तुमचं नाक तुम्हीच कापून त्यांना देऊन टाकलंय. फुलांबरोबर."

तिने कणकेचे बोरसोक तळले, फडक्यात बांधले, नवा रुमाल डोक्याला गुंडाळला आणि ती मिनीबसने व्याह्यांच्या गावी गेली. विहीण पहिल्यांदाच घरी आली म्हटल्यावर एर्गेशने मेंढी कापली आणि गावातले दोन म्हातारे पंगतीला बोलावले. त्यात त्याने काही कमी केलं नाही. उलकानला दाराकडे तोंड करून मानाच्या जागी बसवलं. जोगाझिनची सगळी रोपं एका मोठ्या डब्यात, काळ्या मातीत कोंबून, खिडकीत ठेवली होती. दोन फुलं मलूल झाली होती. बाकीची अजून तग धरून होती. आज नेऊन उद्या सकाळी दगडांत लावली तर जगतील, उलकानने मनात म्हटलं. आणखी चार दिवस इथे राहिली तर संपली.

बेगायिम दाराशी बसून चहा ओतत होती. तिने आईला वाकून सलाम केला होता, बस्स, तेवढंच. प्याला पुढे आला तेव्हा उलकानला तिचे हात दिसले. बोटांची पेरं फुटली होती, अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"आई," बेगायिम ओठ न हलवता पुटपुटली, "आपली काळी गाय व्याली का गं?"

"व्याली. कालवड झाली."

"सूनबाई, तंदूर बघ!" विहीणबाईंनी हाक दिली, आणि बेगायिम उठली. परत येऊन बसते न बसते तोच कुणाला तरी गरम पाणी हवं होतं. पंगतीतले सगळे जेवले. तिने घास घेतलेला उलकानने पाहिला नाही.

एर्गेश मात्र रंगात आला होता. त्याने म्हाताऱ्यांना फुलांची कथा सांगितली. "मी नुसतं वा म्हणालो हो! आणि आमच्या व्याह्यांनी अख्खा डोंगर खणून हातात दिला. माणूस असावा तर असा!" मग तो उठला, खिडकीतला डबा त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि हसत उलकानसमोर उभा राहिला. ती कशासाठी आली आहे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. "पण माझाही हात आखडता नाही. पंचांसमोर सांगतो. विहीणबाई, माझ्या घरातलं जे आवडलं असेल ते बोला. तुमचं झालं."

उलकानने डब्याकडे पाहिलं. एका देठावर अजून न उमललेली कळी होती.

"चहा आवडला," ती म्हणाली.

"चहा?"

"चहा ओतणारे हात."

एर्गेश मोठ्याने हसला. "मग प्या की! रात्रभर ओतेल ती."

"इथे नाही. माझ्या घरी."

आता हसण्यात त्याला कुणी साथ दिली नाही. एका म्हाताऱ्याने हातातलं हाड ताटात ठेवलं.

बेगायिमच्या सासूने घसा साफ केला. "असं कसं... बरं, किती दिवसांसाठी?"

उलकानचा आवाज अगदी साधा निघाला.

"माझ्या नवऱ्याने कंद दिले, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत का, किती दिवसांसाठी?"

म्हाताऱ्यांनी एर्गेशकडे पाहिलं. शब्द त्याचा होता, आणि तो त्यांच्यासमोर दिलेला होता. एर्गेश डबा धरून तसाच उभा होता. तो पुढे करावा की खाली ठेवावा, हे त्याला कळत नव्हतं.

बेगायिमने किटली खाली ठेवली. अंगठ्याची चिंधी पुन्हा घट्ट बांधली आणि ती आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून कपड्यांची पेटी ओढल्याचा आवाज आला.