कपाटावरचा परकर

आईला अर्धांगवायू झाल्यापासून आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बऱ्याच मावश्या येऊन गेल्या. नर्सिंग ब्युरोतून येणाऱ्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणायचं. नाव पाठ होईपर्यंत ती टिकेल याची खात्री नसते. टिकल्या त्या एकट्या रतनमावशी. खडकवासल्याकडच्या एका गावातून बसने यायच्या, आल्या की आधी चहा मागायच्या, आणि तो मलाच करावा लागायचा. तक्रार करायची म्हटली तर बरंच काही होतं. पण आई त्यांच्या हातून अंग पुसून घ्यायची, चार घास जेवायची, आणि मी हिंजवडीला जाऊन लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधू शकायचे. याहून जास्त माझं काही मागणं नव्हतं.

मागणं होतं ते अनंतचं. अनंत माझा धाकटा भाऊ, न्यू जर्सीत असतो. आईची काळजी नीट घेतली जाते की नाही हे कळावं म्हणून दिवाळीत येऊन त्याने तिच्या खोलीत कपाटावर कॅमेरा बसवला आणि परत गेला. इथे सकाळी आईचं स्पंजिंग चालतं तेव्हा तिकडे त्याची झोपायची वेळ. मग तो फोनवर आईला बघत पडायचा. उशी तिरकी आहे, पाठीला पावडर लावली नाही, मावशी मोबाईल बघतायत. सगळ्या सूचना मला. प्रेम होतं, ते मला कळत होतं. पण ते ऐकूनही दमायला व्हायचं.

एकदा त्याने कळवलं की रोज सकाळी स्क्रीन थोडा वेळ काळी होते. दुसऱ्या दिवशी मी उशिरा निघाले. रतनमावशी स्टुलावर चढून आईचा परकर कॅमेऱ्यावर टाकत होत्या.

"हे कशाला, मावशी?"

त्यांनी आईकडे पाहिलं. "वारं लागतंय त्यास्नी."

"परकर तर कॅमेऱ्यावर टाकलाय."

"लागतंय, ताई," एवढंच म्हणाल्या.

मी अनंतला जसंच्या तसं सांगितलं. "खिडक्या बंद असताना कसलं वारं?" तो म्हणाला. "ती मारत असेल आईला. काहीतरी लपवतेय ती." मी नाही म्हणाले, पण वाऱ्याचं मलाही पटलं नव्हतं. त्याने तिकडूनच ब्युरोला फोन लावून मावशी बदलायला सांगितलं. रतनमावशींना लगेच औंधला दुसऱ्या घरी काम मिळालं. आम्हाला मिळाली एक सिस्टर. गणवेश, हातमोजे, सगळं चोख. कॅमेऱ्याकडे ती ढुंकूनही बघायची नाही. अनंत खूश झाला.

आई मात्र अंगाला हात लावू देईना. सिस्टर गाऊनची बटणं काढायला लागली की चांगल्या हाताने गळ्याशी गच्च मूठ धरायची. ओरबाडायचीसुद्धा. खोलीत वास यायला लागला, पाठ लाल झाली. अंग स्वच्छ राहिलं नाही तर जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं. शेवटी सिस्टर म्हणाली, "मॅडम, पेशंट को-ऑपरेट करत नाही," आणि यायची थांबली.

मी ऑफिसला घरूनच काम करते असं कळवलं आणि परातीत कोमट पाणी घेतलं. माझ्यापुढेही तीच मूठ.

"अगं, मी आहे. मला तरी करू दे."

आई कपाटाकडे बोट दाखवत राहिली. मी पावडर काढली, टॉवेल काढला, घडीची साडीसुद्धा काढली. मान हलवून नाही नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मग तिने वाकड्या तोंडाने जोर लावून शब्द काढला, "परकर." परकर दिला तर ती घेईना. बोट आणखी वर गेलं.

"अनंता," ती म्हणाली. "बघतो."

मी स्टूल आणलं आणि कॅमेरा झाकला. खाली उतरले तेव्हा आईची मूठ सुटली होती. बटणं तिने स्वतःच, एका हाताने काढायला घेतली होती.

तेवढ्यात फोन वाजला. अनंतच. "ताई, स्क्रीन काळी झालीय. कोण आहे तिथे?"

त्याला चांगलं सुनवायचं होतं मला. रतनमावशींच्या वाटचंही सुनवायचं होतं. पण आईने माझा हात धरला.

"नको सांगू," ती म्हणाली. "वाईट वाटेल त्याला."

इतके दिवस अंग मळकं ठेवलं, पण मुलाला वाईट वाटायला नको. रतनमावशींनाही तिने हेच सांगितलं असणार. आणि त्या बाईने आमच्याकडचं काम गेलं तरी तोंड उघडलं नव्हतं.

"ताई? काय चाललंय?"

"मीच आहे," मी म्हणाले. "वारं लागतंय तिला."

"खिडक्या तर बंद दिसत होत्या."

"हो, बंदच आहेत," मी म्हणाले आणि पाणी गार व्हायच्या आत आईची पाठ पुसायला घेतली.