वरच्या घरातलं मशीन

पानशेतच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या धनगरवाड्यावर मोबाईलला रेंज नव्हती. नेटची वायर आली होती ती फक्त वरच्या घरात, थोरले दीर हनुमंतराव यांच्याकडे. खालच्या घरात प्रेरणा आणि तिची सासू धोंडाबाई.

धोंडाबाईंचा खुबा मोडल्यापासून खाट हेच गाव झालं होतं. धाकटा मुलगा गोरख, म्हणजे प्रेरणाचा नवरा, आखातात कामाला गेला आणि परवा तिथल्याच दवाखान्यात तापाने गेला. देह गावी आणायची सोय होईना, म्हणून अग्नी तिथंच द्यायचा ठरलं. आज दुपारी तीन वाजता त्याचा खोलीवरचा सोबती व्हिडिओवर त्याचं तोंड दाखवणार होता. फोटो काढायला मनाई, पण घरच्यांना दहा मिनिटं थेट दाखवा, एवढी सवलत त्यानं हातापाया पडून मिळवली होती.

"शेवटचं तोंड तरी बघू दे गं मला," एवढंच धोंडाबाई दोन दिवस म्हणत होत्या.

खालच्या घरातलं मशीन शाळेनं मोडीत काढलेलं. त्यात लिनक्स, वरच्यात विंडोज. नेट आधी वरच्या मशीनमध्ये येई आणि तिथून कौलांखालून ओढलेल्या वायरीनं खाली उतरे. नेटवाल्यानं तर हातच वर केले होते, दोन्हींचं जमायचं नाही म्हणून. प्रेरणानं चार दिवस डोकं फोडून ते जमवलं. तेव्हा गोरख व्हिडिओवर हसला होता, "दोन जावा एका चुलीवर नांदवल्यास की!"

फक्त एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. वरचं मशीन बंद पडलं की खालचं नेटही गेलंच. सांगायला काय जात होतं? पण वाड्यावर कम्प्युटर कळणारी ती एकटी, आणि ते एकटेपण तिला गोड लागत होतं. सगळं सगळ्यांना कळलं तर आपल्याला कोण विचारतो!

तीनला पाच मिनिटं असताना पडद्यावर पांढऱ्या भिंतीची खोली दिसली. मधोमध लाकडी पेटी, वर पांढरं कापड. "वहिनी, दिसतंय ना? आता बाजूला करतील," सोबती हळू आवाजात म्हणाला. प्रेरणानं खाट मशीनपाशी ओढली आणि सासूच्या मानेखाली उशी दिली. एक हात कापडाकडे गेला.

तिथंच चित्र थांबलं.

"थांबला का गं तो?" धोंडाबाईंनी विचारलं.

"आत्या, आलेच म्या."

प्रेरणा पायऱ्या चढून वर धावली. घराला नुसती कडी. आत टीव्हीवर चादर, आरशावर टॉवेल आणि कम्प्युटरवर थोरल्या जावेचं, सखूबाईचं, जुनं हिरवं लुगडं नीट चारी बाजूंनी खोचलेलं. बटणं सगळी बंद. अग्नी द्यायच्या वेळी मयताच्या घरात असलं काही चालू ठेवत नाहीत. सखूबाईनं रीत पाळली होती, तीही मायेनं. गोरखला तिनं लहानपणी कडेवर खेळवलं होतं.

प्रेरणानं लुगडं ओढून फेकलं आणि बटण दाबलं. निळ्या पडद्यावर गोल फिरू लागला. अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. तीस टक्के. एकतीस. तिनं त्या टेबलावर मूठ आपटली, मग कपाळ. गोरख तिचाही होता. दीड वर्षात तिनंही त्याला जवळून पाहिलं नव्हतं.

ती खाली आली तेव्हा तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती. धोंडाबाई अजून त्या थिजलेल्या चित्राकडे पाहत होत्या. "लई वेळ लावत्यात गं कापड काढायला," त्या म्हणाल्या.

मग आवाज परत आला. पेटी नव्हती, नुसती भिंत. सोबती रडत होता. "वहिनी, आत अग्नी दिला त्यांना. चांगलं दोन मिनिटं तोंड उघडं ठेवलं होतं. तुम्ही काहीच बोलला नाही, म्हटलं रडत असाल." आणि फोन बंद झाला.

धोंडाबाईंना रडण्यात मिसळलेलं ते बोलणं नीट कळलं नाही. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात दारात सखूबाई आली. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. आंघोळीचं पाणी आणायला ती झऱ्यावर गेली होती. हंडा उतरवायच्याही आधी तिनं विचारलं, "दिसला का गं माझा गोरख?"

प्रेरणाच्या जिभेवर सगळं आलं. तुमीच बंद केलंत, आक्का. पण सखूबाईचे डोळे रडून सुजले होते, आणि हे एकदा कळलं की ही बाई जन्मभर स्वतःला खात बसेल हे प्रेरणाला लख्ख दिसलं. त्यातून वरचं मशीन बंद करू नका हे न सांगितल्याचा दोष आपला, हेही.

"दिसला, आक्का. झोपल्यावानी दिसत हुता."

सखूबाईनं हंडा खाली ठेवला आणि ती पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली.

खाटेवर धोंडाबाई कोपरावर उठू पाहत होत्या. त्यांनी सुनेचं मनगट धरलं.

"तुला दिसला?" त्या म्हणाल्या. "मंग मला का दावला न्हाईस गं?"